नापास काळीज

“डॉक्टर, हे हितं चिरू नगा. पिचकारी उडंल तोंडावर.”

बाबालाल मुलाण्यानं मेंढीचं काळीज दोन्ही तळव्यांवर पेलून माझ्यासमोर दगडी ओट्यावर ठेवलं. काळजाच्या कडेला लिंबाएवढे दोन फुगे धरले होते, पांढरट, गच्च भरलेले. बोटानं दाबलं की आतलं पाणी हलायचं. त्या सकाळचं हे तिसरं काळीज. त्याच मेंढीचं फोपसंही त्यानं आणून शेजारी ठेवलं. त्यातही एक फुगा होता.

“नापास,” मी म्हणालो.

“नापास तर नापास,” म्हणत त्यानं ते दोन्ही उचललं आणि ओट्याखालच्या पत्र्याच्या बादलीत टाकलं.

मी वहीत नोंद केली. मेंढी, मादी, वयस्क. काळीज व फुफ्फुस. पाण्याचे फुगे. निकामी. शेवटच्या रकान्यात ‘विल्हेवाट लावली’ आणि सही.

एकोणीसशे एकोणनव्वदचा जानेवारी होता तो. माणदेशातल्या एका नगरपालिकेच्या कत्तलखान्यात मी जनावरांचा डॉक्टर होतो. वय सत्तावीस. मूळचा वेंगुर्ल्याकडचा, सदानंद वालावलकर. पण हे आडनाव तिथं कुणाच्या तोंडात बसलं नाही, म्हणून सगळे नुसतं डॉक्टर म्हणत. कत्तलखाना गावाच्या टोकाला, शेवटच्या घरानंतर. पत्र्याची शेड, आत सहा दगडी ओटे, वर आकड्यांची रांग, पाण्याची टाकी आणि मागं पुरुषभर उंचीची भिंत. रोज पंचवीस-तीस जनावरं पडायची, बहुतेक शेळ्या, मेंढ्या चार-पाचच, रविवारी दुप्पट. कापण्याआधी जनावर उभं बघायचं, कापल्यावर त्याचं काळीज, फोपसं, हृदय चाचपायचं, चिरून बघायचं. ठीक असेल तर मांडीवर जांभळा शिक्का मारायचा. एवढं माझं काम. साडेनऊपर्यंत मी मोकळा व्हायचो.

बाबालाल साठीचा होता. गावातल्या हिंदूंच्या जत्रेचं बकरं असो की मुसलमानांच्या लग्नाचं, सुरी त्याचीच. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्याचा हात माझ्या डोळ्याच्या पुढं चालायचा. पुष्कळदा काळीज बाहेर काढतानाच तो माझ्याकडं बघून नकारार्थी मान हलवायचा आणि मी तपासल्यावर ते तसंच निघायचं. आमच्यातली तिसरी ताराबाई, आडनाव सकट. चाळिशीची, हाडापेरानं बारीक, रोजंदारीवरची सफाई कामगार. ओटे धुवायची, गटार वाहतं ठेवायची, आमची बादली रिकामी करून आणायची. आम्हा दोघांपेक्षा जास्त वर्षं तिची त्या शेडमध्ये गेली होती.

दर महिन्याला एक तक्ता जिल्ह्याला पाठवावा लागे. किती जनावरं कापली, किती अवयव नापास झाले, कशानं झाले. त्या तक्त्याचं पुढं काय होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही चौकशी केली नव्हती. पण डिसेंबरचा तक्ता भरताना एक आकडा मला टोचला. मी रुजू झालो तेव्हा शंभर मेंढ्यांमागं सहा-सात काळजांत असे फुगे सापडायचे. डिसेंबरात अठरा झाले होते.

“बाबालालभाई, ह्या मेंढ्या येतात कुठून?”

“बाजारातनं.”

“ते झालंच. बाजारात कुठून येतात?”

तो हसला. “पाठ बगा की तिची. धा वस्त्यांच्या धा खुणा. कुणाचा गेरू, कुणाचा हिरवा पट्टा, कुणी कान चिरतंय. मला समद्या ठावं हायती.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ते सुरू केलं. मेंढी ओट्यावर यायच्या आधी बाबालाल तिची खूण बघून वस्तीचं नाव मोठ्यानं सांगायचा, मी वहीच्या मागच्या पानावर लिहायचो. काळीज निघालं की त्या नावापुढं फुली नाहीतर टिंब. पहिले आठ दिवस बाबालालला ही साहेबाची खोड वाटली. नंतर त्यालाच नाद लागला. मी उशिरा पोचलो तर तो नावं पाठ करून ठेवायचा.

मार्चअखेर मी बेरीज केली. लांबच्या बाजारातून आलेल्या दीडशे मेंढ्यांत नऊ. आसपासच्या वस्त्यांवरच्या नव्वद मेंढ्यांत अकरा. आणि शेपटापाशी निळा ठिपका असलेल्या सव्वीस म्हाताऱ्या मेंढ्यांत सतरा.

“निळा ठिपका कुणाचा?”

“कोळेकराच्या वस्तीचा. सुंदराबाईचा कळप. जपून जावा, म्हातारी लई तिखट हाय.”

हा फुगा म्हणजे एका जंताचं घर. मोठा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो, तांदळाच्या कणीएवढा. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात, गवत मेंढीच्या पोटात जातं आणि तिच्या काळजात फुगा धरतो. तसलं काळीज कच्चं कुत्र्याला मिळालं की कुत्र्याच्या पोटात पुन्हा जंत. कॉलेजात ही आकृती मी परीक्षेला दोनदा काढली होती. त्यामुळं आता मला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. धनगराची वस्ती, राखणीची कुत्री, घरी कापलेल्या मेंढराची काळजं कुत्र्यांपुढं टाकत असणार. सायकलवर बसून जाताना मी म्हातारीला काय काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. सोप्या शब्दांत, न रागावता.

रस्ता वळसा घालून जात होता, चार-पाच किलोमीटर. वस्तीवर पोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले असतील. सुंदराबाई वाघरीपाशी बसली होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. एका कोकराचा पाय मांडीवर घेऊन ती काटा काढत होती. सत्तरीला आलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

“कोन रं बाबा?”

“कत्तलखान्यातला डॉक्टर, आजी.”

“आमी न्हाई आज काय धाडलं कापाया.”

“त्यासाठी नाही आलो. तुमच्या मेंढ्यांच्या काळजात पाण्याचे फुगे सापडतायत. बाकीच्यांपेक्षा खूप जास्त. तुमची कुत्री किती?”

“दोन.”

“घरी मेंढरू कापलं की त्यांना कच्चं काळीज घालता का?”

तिनं कोकराचा पाय सोडला. ते लंगडत आईकडं पळालं.

“काळीज? कुत्र्याला?” तिनं आत हाक मारली. “अगं ए, ऐकलंस का? हा डागदर म्हंतोय आमी काळीज कुत्र्याला घालतो!” आतून कुणी तरी हसलं. “बाबा, वरसाला येक बकरं पडतं बिरोबापुढं. खायाला तीस मानसं. काळजाच्या फोडीवरनं सुना भांडत्यात. कुत्र्याला हाडूक घावलं तरी नशीब त्याचं.”

“आणि मेलेलं मेंढरू?”

“पुरतो. उघड्यावर टाकलं तर लांडगं सोकावत्यात.” ती गुडघ्यावर हात देऊन उठली. “काळजाची नासाडी बगायची हाय का तुला? ये हिकडं.”

वाघरीच्या मागं एक टेकाड होतं. ती पुढं, मी मागं. वर चढल्यावर खाली ओढा दिसला, कोरडा, पण तळाला हिरवट पट्टा धरलेला. आजूबाजूच्या सगळ्या माळावर तेवढंच हिरवं. ओढा वळत वर गेला होता आणि अर्ध्या किलोमीटरवर एका भिंतीपाशी संपल्यासारखा दिसत होता. भिंतीवर पत्र्याचं छप्पर, छपरावर घिरट्या घालणाऱ्या घारी.

“ते काय हाय?” तिनं विचारलं.

मला ओळखायला थोडा वेळ लागला. ह्या बाजूनं मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

“कत्तलखाना,” मी म्हणालो.

“हां. आता थांब जरा.”

आम्ही थांबलो. भिंतीपाशी काहीतरी हललं आणि मग ओढ्याच्या वळणावरून कुत्री खाली यायला लागली. एक, दोन, मग चार एकदम. पुढचं तांबडं कुत्रं मान उंच धरून चाललं होतं, तोंडातलं जमिनीला लागू नये म्हणून. ते बाभळीच्या सावलीत, हिरव्या पट्ट्यावर बसलं आणि पुढच्या दोन पायांत धरून खायला लागलं. एवढ्या लांबूनही काळजाचा तो रंग मला ओळखू आला.

“रोजचं हाय हे,” सुंदराबाई म्हणाली. “हितंच खात्यात, हितंच हागत्यात. आन माझी मेंढरं उन्हाळाभर ह्याच ओढ्यात. दुसरं हिरवं हाय कुठं? धोंडं मारून माझा हात गेला. तुमच्या हापिसात बी येऊन सांगितलं.”

“कुणाला?”

“खुर्चीवर व्हता त्याला. म्हनला, डॉक्टरला सांगतो.”

मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. सांगितलंच नव्हतं, असं मात्र शपथेवर म्हणता येणार नाही.

सायकल वस्तीवर ठेवून मी ओढ्यानं वर निघालो. कुत्री माझ्याकडं बघून गुरगुरली, पण जागची हलली नाहीत. भिंतीजवळ पोचलो तर तिथं खड्डा होता, म्हणजे कधीकाळी असावा. आता तो काठोकाठ भरून त्यावर घाणेरी उगवली होती. भिंतीतलं मागचं लोखंडी दार उघडं होतं आणि दाराबाहेर एका दगडावर ताराबाई पाठमोरी बसली होती. बादली समोर आडवी. तिच्याभोवती पाच-सहा कुत्री.

“येकेकानं घ्या रं,” ती म्हणत होती. “लंगड्या, मागं हो. तुझं झालंय. तिला खाऊ दे, तिच्या पोटात पिल्लं हायती.”

एका काळ्या कुत्रीनं तिच्या मांडीवर डोकं टेकलं. ताराबाईनं तिची मान खाजवली, कुत्रीनं तोंड चाटलं तरी तिला हटकलं नाही. बादली रिकामी झाली. मग हात लुगड्याला पुसून तिनं शेजारचं फडकं सोडलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

“ताराबाई!”

ती दचकून उठली. “सायेब? तुमी हिकडनं कसं?”

“हे काय चाललंय?”

“काय?” तिला खरोखरच कळलं नाही. मग तिनं माझी नजर बघितली. “खड्डा भरलाय न्हवं का. बारा वर्सं झाली. तुमच्या आदीच्या डॉक्टरला सांगितलं, मुकादमाला सांगितलं. दुसरा कोन खननार, चुना कोन देनार? सडून वास मारन्यापरीस ह्यांच्या पोटात जातंय, बरंच की.”

ह्यात तिला लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. मी पुढं काही बोलणार तेवढ्यात ती बादली उचलायला वाकली आणि उजव्या बरगडीखाली हात दाबून तशीच थांबली.

“काय झालं?”

“दाटतंय. दोन वर्सं झाली. पित्त हाय म्हनत्यात. जेवले की वर चढतंय.”

कॉलेजातल्या त्या आकृतीत एका कोपऱ्यात माणूसही काढावा लागायचा. मेंढीच्या जागी चुकून आलेला. त्याला एक गुण असायचा, म्हणून मी घाईघाईनं काढायचो.

“कुठं दाटतं ते दाखवा. तुमच्याच हातानं.”

तिनं तळवा उजव्या कुशीवर ठेवला आणि दाबला. पातळ लुगड्याखाली तिच्या बोटांच्या दोन्ही बाजूंनी फुगवटा उठला, गोल आणि घट्ट. रोज पंचवीस काळजं चाचपणाऱ्या माणसाला आणखी काही बघावं लागत नाही.

“ताराबाई, उद्याच्या उद्या मिरजेला जायचं. मी चिठ्ठी देतो.”

“जनावराचा डॉक्टर मानसाला चिठ्ठी देतो व्हय?” ती हसली. माझं तोंड बघून थांबली. “लई वंगाळ हाय का?”

“काढता येतं,” मी म्हणालो. “पण भाकरी आधी हात धुऊन खा.”

तिनं भाकरीकडं बघितलं, मग कुत्रीकडं.

तिला घेऊन तिचा भाऊ आणि मी मिरजेला गेलो. सोनोग्राफीत काळजाच्या उजव्या बाजूला नारळाएवढी पाण्याची गाठ निघाली, आत लहान लहान कितीतरी. पोटात फुटली असती तर जागच्या जागी जीव गेला असता, असं सर्जन म्हणाले. त्यांनी मला बाजूला घेऊन ती कुठं काम करते ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर चष्मा काढून पुसला. “गाठ किमान आठ-दहा वर्षांची असणार,” ते म्हणाले. “असल्या गाठी हळू वाढतात.” शस्त्रक्रिया साडेतीन तास चालली. ती वाचली.

पंधरा दिवसांनी आरोग्य विभागाच्या निकमसाहेबांनी मला बोलावलं. सर्जनांचं पत्र नगराध्यक्षांकडं आलं होतं. आपल्या कत्तलखान्यात निकामी अवयवांची विल्हेवाट कशी लावली जाते ते कळवावे.

“आता कळवायचं काय, वालावलकर?”

“जसं होतं तसं.”

“म्हणजे कसं?” त्यांनी माझीच वही माझ्यासमोर फिरवली. “हे बघा. तेरा नोव्हेंबर, विल्हेवाट लावली. चौदा नोव्हेंबर, विल्हेवाट लावली. पंधरा. सही कुणाची?”

“माझी.”

“खोटी आहे का?”

मी वही मिटली.

“नाही ना? मग सरळ आहे. तुम्ही पुरायला सांगत होता, बाई पुरत नव्हती. तुमच्या नकळत कुत्र्यांना घालत होती. तोंडी ताकीद दिली होती असं लिहा. बाकी मी बघतो.” ते वाईट माणूस नव्हते. माझ्यासाठी चहा मागवला. “रोजंदारीवरची बाई आहे, कामावरून कमी केलं तर फाईल बंद होते. तुम्ही अडकलात तर जन्मभर अडकाल. आणि मला सांगा, गाठ दहा वर्षांची. तुम्ही येऊन अडीच वर्षं झाली. तुमचा संबंध काय?”

त्यांचं हे शेवटचं म्हणणं खरं होतं. तेच मला दोन दिवस पुरलं. घरी बसून मी अहवालाची पहिली ओळ तीनदा लिहिली आणि तिन्ही वेळा ती ‘सफाई कामगार’ ह्या शब्दांनी सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी काम संपल्यावर बाबालाल सुऱ्या धुत होता. मी त्याच्याजवळ गेलो.

“बाबालालभाई, ती कुत्र्यांना घालते हे तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“मग मला सांगितलं का नाही?”

त्यानं सुरीचं पातं अंगठ्यानं तपासलं. “डॉक्टर, मी कापतो. तुमी शिक्का मारता. बादली तिची. आपापलं झालं की समदे घरी.” पातं पाण्यात बुडवत तो म्हणाला, “आन मला काय ठावं त्यात काय असतंय? मी आपला खराब काळीज म्हून टाकतो. त्यात कुत्र्याचा जंत असतोय, हे तुमाला ठावं हुतं.”

ह्यात टोमणा नव्हता. तो फक्त मला विचारलेल्याचं उत्तर देत होता. सुऱ्या गुंडाळून तो निघून गेला.

त्या दुपारी मी अहवाल लिहिला. दोन पानं झाली. वस्त्यांचे आकडे दिले, ओढ्याचा नकाशा काढला. सुंदराबाईनं ऑफिसात येऊन तक्रार केली होती, ताराबाईनं खड्ड्याबद्दल आधीच्या डॉक्टरांना आणि मुकादमाला सांगितलं होतं, हे लिहिलं. मग लिहिलं, ‘निकामी अवयवांची विल्हेवाट लावली असे मी अडीच वर्षे दररोज नमूद केले. ती कशी लागते हे मी एकदाही जाऊन पाहिले नाही. सफाई कामगारास मी कोणताही आदेश दिलेला नव्हता.’ शेवटी तीन गोष्टी मागितल्या. झाकणाचा पक्का खड्डा, ओढ्याच्या तोंडाला कुंपण आणि कुत्र्यांना दर सहा आठवड्यांनी जंताची गोळी. सही सवयीनं झाली.

निकमसाहेबांनी तो वाचला आणि चहाचं विचारलं नाही. मला लेखी ताकीद मिळाली, ती सेवापुस्तकात शेवटपर्यंत राहिली. पण सर्जनांचं पत्र वर जिल्ह्यापर्यंत गेलं होतं, त्यामुळं खड्डा महिन्याभरात झाला. आठ फूट खोल, दगडानं बांधलेला, वर लोखंडी झाकण आणि कुलूप. कुंपणही झालं. मागच्या दाराची आणि झाकणाची, दोन्ही किल्ल्या माझ्याकडं.

कुत्र्यांच्या गोळ्या मी पुण्याहून मागवल्या होत्या. त्या पोचायच्या चार दिवस आधी नगरपालिकेची माणसं विषाचे लाडू घेऊन ओढ्यात उतरली. त्यांना ते सोपं पडलं. सकाळी मी आलो तेव्हा ट्रॉली भरत होती. अकरा होती. मी मोजली.

मी तिथं अजून चार वर्षं राहिलो. बाबालाल खुणा सांगत राहिला, मी लिहीत राहिलो. मेंढीच्या काळजातला फुगा असा एका वर्षात जात नाही. जुन्या मेंढ्या संपाव्या लागतात, नवीन कोकरं स्वच्छ गवतावर वाढून म्हातारी व्हावी लागतात. चौथ्या वर्षी निळ्या ठिपक्याच्या एकतीस मेंढ्यांत तीन निघाल्या. मी मुद्दाम सायकल काढून सुंदराबाईला सांगायला गेलो. ती म्हणाली, “मग त्या तिघींनी रं काय केलं हुतं?”

पण मला आठवतो तो ताराबाई कामावर परत आली तो दिवस. मे महिना संपत आला होता. हलकं काम द्यावं अशी चिठ्ठी घेऊन ती आली. आधीच बारीक, त्यात निम्मी झालेली. बाबालालनं तिला बसायला स्वतःचं पोतं दिलं. ती बसली नाही. सरळ मागच्या दाराकडं गेली, कुलूप बघितलं आणि माझ्याकडं वळली.

“किल्ली द्या की.”

मी स्वतः जाऊन दार उघडलं. ती बाहेर आली. खड्ड्याचं झाकण बघितलं, कुंपण बघितलं. मग ओढ्याकडं तोंड करून जिभेनं च्यक च्यक आवाज केला. दोनदा. ओढ्यात काही हललं नाही.

“कुत्री कुठं गेली?”

मी सांगितलं.

“समदी?”

“अकरा.”

“काळीला पिल्लं हुनार हुती,” ती म्हणाली आणि दगडावर बसली. नंतर म्हणाली, “गोळी हाय म्हनला हुता तुमी. भावाला सांगितलं हुतं.”

“होती. यायची होती.”

तिनं मान हलवली. पदरानं तोंड पुसलं. आत बाबालाल ओट्यावर पाणी मारत होता, त्याचा आवाज येत होता.

“भाऊ सांगत हुता, तुमी कागदावर माझ्यावर ढकललं न्हाई. सोतावर घेतलं.”

“जे होतं तेच लिहिलं.”

“ते बरं केलंसा. न्हाईतर माझं काम गेलं असतं.” तिनं पदर खोचला. “पर येक सांगू का सायेब? राग नगा मानू.”

“सांगा.”

“अडीच वर्सं रोज तुमच्या म्होरनं भरली बादली घेऊन जायाची मी. तुमी वहीत लिवत असायचा. येका तरी दिशी मान वर करून इचारायचं की, तारा, कुठं चाललीस?”

मी विचारलं, “विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?”

“सांगायचं काय त्यात,” ती म्हणाली आणि कुशीवर हात धरून सावकाश उठली. “दाखिवलं असतं.”